गरम पेजेवरची फुंकर

ताई पहिल्या बाळंतपणासाठी चिचगडला आमच्या घरी आली, तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून सगळ्यांना वाटायचं, हिला माहीत असेल. मला काहीच माहीत नव्हतं.

आई पाठमोरी झाली की ताई ताटातला अर्धा भात परत गंजात टाकायची. आमच्याकडे बऱ्याच बाया असं करतात. कमी खाल्लं की बाळ लहान राहतं, लवकर सुटका होते, असा समज आहे. ताईनं तर सासरी जाऊबाईचं बाळंतपण भिंतीपलीकडून ऐकलं होतं. तेव्हापासून ती झोपेतही दचकायची.

शेजारची काकू म्हणाली, "येवढा भेव होता तं लगन कायले केलीस वं?" सगळ्या हसल्या. ताईही हसली. मग गोठ्यामागं जाऊन ओकली.

दवाखान्यात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाईंनी तिचं वजन पाहिलं आणि आईला बाहेर बसायला सांगितलं. मी कोपऱ्यात उभी राहिले.

"कायचा भेव वाटते? मरायचा, का दुखायचा?"

ताईनं आई गेली त्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकटी पडायचा."

नर्सबाई हसल्या नाहीत. बाळंतपणाची खोली तेव्हा रिकामी होती. त्यांनी ताईला आत नेलं, टेबलावर चढून पाहायला लावलं, खिडकी उघडून दाखवली. "भात पोटभर खाय. ताकद तुलेच लागन. आन् कळ आली का गरम पेजेवर फुंकर मारतेस ना, तसा श्वास हळू सोड." सोबत कोण पाहिजे, असं विचारल्यावर ताईनं माझ्याकडे बोट केलं.

त्यानंतर आम्ही रोज अंगणात बसून फुंकर मारायचो. आई म्हणायची, "चूल पेटवून रायल्या का पोरीहो?" ताई पोटभर जेवायला लागली होती.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी नर्सबाईंनीच तपासलं. बीपी फार वाढला होता. "गोंदियाले न्या लागते," त्या म्हणाल्या. पलीकडच्या खाटेवर दुसरी बाई अडली होती, तिला सोडून त्यांना येता येईना. त्यांनी ताईचा हात माझ्या हातात दिला. "आता इच्यासंग तू."

गाडीत सासरहून आलेले भाऊजी पुढं बसले, मी मागं ताईजवळ. देवरी गेलं, पुढचा रस्ता गेला. कळ आली की ताई माझ्या तोंडाकडे पाहायची आणि माझ्याबरोबर श्वास सोडायची. आपल्याला जमतंय, असं मला वाटलं.

गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं आणि दारातल्या बाईनं मला हातानं अडवलं. "सिर्फ पेशंट अंदर."

"मैं उसके साथ..." आमचं काय ठरलं होतं, ते तिला कसं सांगावं कळेना. दार लागलं.

ताई आतून मला हाक मारत होती. मी दाराच्या फटीला तोंड लावून जोरजोरात फुंकर मारू लागले. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काही वेळानं हाका थांबल्या. मी मात्र थांबले नाही. दुसरं काय करायचं, मला माहीत नव्हतं.

मुलगी झाली. दोघी घरी आल्या.

एका दुपारी आईनं ताईला पेज दिली. बाळ झोपलं होतं. ताई म्हणाली, "तू होतीस का वं तिथं?"

"दारापाशीच होती."

"मले आयकू नाई आला."

पेजेतून वाफ निघत होती. ताईनं फुंकर मारली नाही. निवेपर्यंत ती वाटी तशीच हातात धरून बसली.