धाकटीची वेणी
पूनमला बाळंतपणासाठी खामगावच्या दवाखान्यात भरती व्हायला दोनच दिवस उरले होते. अंगात रक्त फार कमी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावल्यापासून तिची मुळातच फटकळ जीभ आणखी चालायला लागली होती.

"घट्ट ओढ ना, सुटून राह्यली!" सात वर्षांच्या समीक्षाला ती धाकटीची वेणी घालायला शिकवत होती. तिसऱ्या खेपेला वेणी जमली. मग पूनमनं तापाच्या औषधाची बाटली दाखवली, आणि पेटी उघडून दोघींचे स्वेटर.

"आई, तू कधी येशील?"

"आठ दिवसांत. बाळाले घेऊनच येईन."

चैत्रातल्या उकाड्यात समीक्षानं लोकर चाचपली. "मंग हिवाळ्याचे स्वेटर आत्ताच काऊन दाखवून राह्यली?"

पूनमनं धाकटीची छान बसलेली वेणी सोडून टाकली.

"घाल पुन्हा," ती म्हणाली.