मतदारसंघ नसलेला खासदार

आर्थर विदरस्टोन अनोळखी माणसाचा हात हातात घेऊन थेट विचारत, "काय अडचण आहे?" अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी शिकायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात बस स्टॉपवर त्यांनी मलाही हेच विचारलं. मी घाबरून म्हणालो, "काही नाही." "म्हणजे मोठीच असणार," ते म्हणाले.

हे गृहस्थ एके काळी ब्रिटिश पार्लमेंटात खासदार होते, कोळशाच्या खाणींच्या गावातून निवडून आलेले. गावातलं प्रसूतिगृह बंद करायचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत दिलं. पक्षाने तिकीट कापलं. अपक्ष उभे राहिले आणि पडले. "जो तो हात मिळवून सांगायचा, आर्थर, तू फार चांगला माणूस आहेस, मत मात्र पक्षाला!" हे सांगताना ते इतके हसत की चष्मा काढून डोळे पुसावे लागत.

आता ते विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत आणि आमच्याच इमारतीत राहत. शनिवारी सकाळी तळघरातल्या लाँड्रीत खुर्ची टाकून बसत आणि कपडे धुवायला येणाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकत. "मतदारसंघ गेला, सवय राहिली," म्हणत.

त्या हिवाळ्यात आमचं हीटिंग बंद पडलं. घरमालक दाद देईना. आम्ही कोट घालूनच जेवायचो. माझा रूममेट शिरीष म्हणाला, "यार, विदरस्टोनकाकांना सांगू. एक फोन करतील, काम होऊन जाईल."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "फोनबिन काही नाही. सोमवारी नगर परिषदेची सभा आहे. तिथे तू बोलायचंस."

"पण मला इथे मत नाही."

"मलाही नाही. थंडी वाजते ना? मग बोल."

सोमवारी उभा राहिलो आणि खिशातला कागद उलगडू लागलो. एवढ्यात मागच्या रांगेत विदरस्टोन, पार्लमेंटात भाषणाला दाद देतात तसं, बाक बडवून ओरडले, "हिअर, हिअर!" मी अजून तोंडही उघडलं नव्हतं! सगळं सभागृह हसलं, मीही हसलो, आणि मग बोलतच सुटलो. दुसऱ्याच दिवशी नगर परिषदेचा इन्स्पेक्टर घर तपासायला आला. आठवडा संपायच्या आत घर उबदार झालं.

पुढे ते पुन्हा निवडणूक लढवायला इंग्लंडला परतले. "पडलात तर?" मी विचारलं. "त्याचा मला अनुभव आहे," ते म्हणाले. आणि पडलेच.

मग एका रविवारी त्यांचा फोन आला. "अभिनंदन कर, निवडून आलो!"

"पार्लमेंटात?"

"छे! आमच्या गावच्या कौन्सिलवर. गटारं माझ्याकडे आहेत. काल एक तुंबलेलं मोकळं केलं, तर एक बाई मला हाताला धरून चहाला घेऊन गेली. खासदार असताना असं कोणी केलं नव्हतं."

शेवटपर्यंत त्यांनी तेच काम केलं. अखेरच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही. "ही काय निवडणूक झाली?" असं म्हणून ते, त्यांची बायको नंतर मला सांगत होती, दिवसभर रुसून बसले होते.