बगळ्याचा दुसरा पाय

मी हे फोनला बोलून लिहिते बरं का. शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे काना-मात्रा माझी नात मुक्ता नीट करते आणि ब्लॉगवर चढवते. ती पुण्याहून नोकरीला बेंगळूरला आली, कोरमंगल्यात पीजीत राहते. मी लग्न होऊन बेळगावहून राजाजीनगरला आले ती इथलीच झाले. मुक्ताच्या बाबांनी, म्हणजे माझ्या जावयाने, लांबचं जवळ आणणारा कॅमेरा दिला आणि आम्हा दोघींना पक्ष्यांचं वेड लागलं. सून म्हणते, "आई, गुडघ्याला तेल लावायचं सोडून पक्षी कसले बघता?" अगं, तेल लावूनच जाते की!

या रविवारी मुक्ताने मागडी रस्त्याच्या पुढचं एक तळं शोधून काढलं. मी लगेच हो म्हटलं आणि रात्रभर घाबरले. साप असला तर? कॅमेरा पाण्यात पडला तर? आणि तळ्याच्या बांधावर म्हणे कुत्री असतात. मला वाघ परवडला, कुत्रं नको.

तुम्ही जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा. ऑटो जाऊन-येऊन ठरवा, तिकडून परतीला काही मिळत नाही. हातात काठी ठेवा. आणि चहा बेताने प्या, तिथे मोरी नाही. हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

बांधावर कुत्री होतीच. मुक्ताचा हात धरून, डोळे मिटून पुढे गेले. मुक्ता एका खंड्या पक्ष्याच्या मागे लांब गेली आणि मला समोर एक बगळा दिसला. पाण्यात बाभळी उभ्या होत्या, त्यातल्या एकीवर पांढराशुभ्र, पंख पसरून नाचत होता! भराभर फोटो काढले.

परतताना मोठ्या रस्त्यावर तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी एकच असते, वर लोण्याचा गोळा. ऑटोवाला अण्णाही शेजारच्या बाकावर खात होता. मी फोटो फोनवर घेतले. मुक्ताने ते एआय शिकवलंय ना मला, फोन आपणच विचारतो, फोटोतलं नको ते काढू का? मी म्हटलं काढ. वाळक्या काटक्या गेल्या, प्लास्टिकची पिशवी गेली, मागचं पाणी कसं रेशमासारखं झालं. मी तो फोटो लगेच घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. बेळगावच्या वन्संनी नमस्काराचे हात पाठवले.

मुक्ता म्हणाली, "आज्जी, याला पाय एकच आहे."

"बगळे राहतात की एका पायावर उभे."

"शांत असले तर. हा तर पंख फडकवतोय. मूळचा फोटो दाखव बघू."

मूळचा उघडून तिने मोठा केला. दुसरा पाय होता. मागे ताणलेला, काडीसारखा सरळ. आणि त्या पायापासून फांदीपर्यंत पतंगाचा मांजा. माझ्या सगळ्या फोटोंत बगळा तिथेच होता, तसाच. नाचत नव्हता गं बाई. सुटायला धडपडत होता. फोनने काटक्यांबरोबर मांजा पुसला आणि पायही पुसला. आणि पूस म्हणणारी मी.

ताटली बाजूला सारली. "अण्णा, परत तळ्याला! स्वल्प बेग!" म्हणजे जरा लवकर.

"अज्जी, कॅमेरा विसरलात काय?"

"कॅमेरा नाही, जीव विसरले कुणाचा तरी."

त्याने इडली अर्धी टाकली. रस्ताभर मला एकच भीती, उशीर झाला तर? ऊन चढत होतं.

काठाला एक मासे धरणारे काका होते, टोपलीसारखी गोल नाव घेऊन. त्यांनी कानडीत विचारलं, कुठलं झाड? खालून सगळ्या बाभळी सारख्याच. सकाळी मी बांधावर उभी होते तिथूनच ते झाड ओळखू येणार. मुक्ता काकांबरोबर नावेत बसली आणि मला बांधावर एकटीने जावं लागलं. कुत्री उठली. मी कानडीतून शिव्या दिल्या, मराठी त्यांना कुठली कळायला. काठी आपटत आपटत गेले.

बगळा आता उलटा लोंबत होता. हलत नव्हता.

"डावीकडे! त्याच्या मागची!" मी काठीने दाखवत होते. नाव भिंगरीसारखी फिरली आणि मुक्ता उभी राहिली. तिला पोहता येत नाही. तिची आई रोज फोनवर सांगते, पोरीला सांभाळ. "खाली बस गं!" मी किंचाळले. तिने ओढणी बगळ्याच्या तोंडावर टाकली, कारण घाबरलेला बगळा चोच माणसाच्या डोळ्यातच मारतो, आणि काकांनी सुरीने मांजा कापला. ओढणी हलली. मी बांधावर मटकन बसले, कुत्र्यांच्या मध्येच.

ऑटोत तो माझ्या मांडीवर होता. ओढणीतून त्याचं काळीज माझ्या तळव्याला लागत होतं, टकटक, टकटक. आता थांबेल, आता थांबेल, असं शहरातल्या पक्ष्यांच्या दवाखान्यापर्यंत वाटत राहिलं. अण्णा आरशातून विचारी, "इदे ना, अज्जी?" आहे ना? मी म्हणे, आहे रे, तू पुढे बघ.

बगळा वाचला. पाय नाही वाचला, मांजा हाडापर्यंत गेला होता. डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, हात तसाच परातीत राहिला. फोनने आधी काढला तोच पाय.

काल सकाळी वन्संकडून शुभ सकाळ आली. बघते तर माझाच बगळा, मागे उगवता सूर्य लावलेला, खाली गुलाब. कुणाकुणाकडून फिरून आला देव जाणे. मुक्ता म्हणाली, "आज्जी, सोडून दे." सोडते, पण आता कुणी कितीही सुंदर पक्षी पाठवू दे, मी आधी त्याचे पाय बघते.