परत हात न फिरवणारे मास्तर

मिठागराच्या मुकादमाला चित्रकला कशाला हवी? कोणी विचारलेलं नाही, पण लोकांच्या तोंडावर दिसतं, म्हणून आधीच सांगून टाकतो: हवी नव्हती. मी शिकवा म्हणून कुणाच्या दारात गेलेलो नाही. गोविंदराव मास्तरच आमच्या बांधावर आलेले. आता त्यांना साठ वर्षं पूर्ण होतायत, विद्यार्थी मंडळी पुस्तक छापतायत, आणि आता उरलेल्यांत सगळ्यांत जुना विद्यार्थी म्हणून माझ्यामागे लागलीयत. हार, पागोटं, सनई, ते तुम्ही करा. मी झालं तेवढंच लिहितो.

ठाण्याच्या खाडीकडे आमची मिठागरं. एका सकाळी बघतो तर एक पगडीवाले गृहस्थ ओल्या बांधावर उभे राहून माझ्या माणसांकडे टक लावून बघतायत. मी ओरडलो, खाली उतरा, बांध फुटेल. ते निमूट उतरले आणि म्हणाले, "तुमचा तो माणूस मीठ ओढतो ना, तो मनगटातून नाही, खांद्यातून ओढतो. माझ्या विद्यार्थ्यांना कुंचला तसा ओढा म्हणून महिनाभर सांगतोय, जमत नाही." मी म्हटलं, त्याला मीच शिकवलंय. झालं. दुसऱ्या दिवशी टेंभी नाक्याजवळ त्यांच्या ओसरीवर मी मीठ गोळा करायची फळी कशी ओढायची ते दाखवायला गेलो, आणि तिथेच अडकलो.

मास्तर ऐन उमेदीत कापसाच्या व्यापाऱ्याचे कारकून म्हणून बोटीनं जपानला गेलेले. परत आल्यावर जातीनं त्यांना वर्षभर पंगतीत घेतलं नाही, त्याचा त्यांनी कधी बाऊ केला नाही. तिथे त्यांना एक म्हातारे सामुराई भेटले. सामुराई म्हणजे तिकडचे पिढीजात लढवय्ये. सरकारनं त्यांच्या तलवारी बंद केल्या, तर हे कुंचला धरून बसले. मास्तर त्यांच्यापाशी सात वर्षं शिकले. आणि आम्हालाही तसंच शिकवलं. आधी शाईची कांडी दगडावर पाणी घालून घासायची, श्वास खाली बसेपर्यंत. कांड्या संपल्या तेव्हा दिव्याचं काजळ धरून डिंकात घोटलं. कुंचला उभा, कोपर अधांतरी, आणि रेघ एकदाच. चुकली तर कागद बाजूला. परत हात फिरवायचा नाही.

इथेच माझं घोडं अडायचं. मिठागराचा बांध आम्ही एकदा थापून सोडत नाही, दुसरा हात फिरवतोच. तो हात कागदावरही आपोआप मागे यायचा. कल्याणचे एक सोनार वर्गात होते, त्यांची खोड वेगळी. ते प्रत्येक सामुराईला मिशा काढायचे, आणि मास्तरांनी विचारलं की म्हणायचे, मिशांशिवाय लढाईवर कोण पाठवणार ह्याला.

भिंतीवर मास्तरांच्या गुरूंचं एकच चित्र होतं. पाठमोरा बसलेला लढवय्या, तलवार बाजूला ठेवलेली, आणि मानेपासून कमरेपर्यंत पाठीची एक लांब रेघ. गुरू तोवर वारलेले. त्यांच्या हातचं एवढंच उरलेलं.

आता जे कुणाला ठाऊक नाही ते सांगतो. एकदा मास्तर कल्याणला लग्नाला गेलेले. मी ओसरीवर एकटाच, शाई घोटून तयार. वर बघतो तर त्या रेघेत मधेमधे पांढऱ्या चिरा. मला वाटलं, शाई उडाली. बांधाला चीर दिसली की आम्ही मालकाला विचारत बसत नाही, चिखल लावून मोकळे होतो. मी कुंचला घेतला आणि सगळी रेघ काळी कुळकुळीत करून टाकली. वर समाधानानं विडा खाल्ला.

संध्याकाळी मास्तर आले. चित्राकडे बघितलं, पगडी काढली आणि भिंतीला टेकून खालीच बसले. मी म्हटलं, चीर पडलेली, बुजवली. त्यांनी पगडी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मुकादम, ती चीर नव्हती. गुरूंच्या कुंचल्यातली शाई संपत आलेली, तरी हात थांबला नव्हता. तेवढंच दिसत होतं तिथे."

मी वहाणा शोधायला लागलो. पुन्हा ह्या ओसरीवर यायचं नाही हे माझं ठरलेलं. तर मास्तर म्हणाले, "बसा. पळून कुठे चाललात? ती रेघ आता फक्त माझ्या डोळ्यांपुढे आहे. ती तुमच्या हातात उतरवल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही. नाहीतर माझ्याबरोबर जाईल ती."

त्याला बारा वर्षं झाली. मास्तरांनी ते चित्र उतरवलं नाही, आणि काळं कुणी केलं ते घरात वहिनींनाही सांगितलं नाही. येणारे जाणारे नेमकी तीच रेघ वाखाणतात. मुंबईहून आलेले एक साहेब तर म्हणाले, काय जोर आहे हातात. मास्तर शांतपणे म्हणाले, तिच्यामागे दोन माणसांचे कष्ट आहेत. मी तोंडात पदर नाही म्हणून उपरण्याचा बोळा कोंबला.

मी तापानं पडलो तेव्हा मास्तर चिखल तुडवत झोपडीपर्यंत आले. पेज आणलेली, आणि बगलेत कागद. पेज संपली की म्हणाले, हात उचलतोय का बघा. असा माणूस.

आणि गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती रेघ आली. शाई संपत गेली, हात गेला तसा गेला, मागे आला नाही. मास्तरांनी वहिनींना हाक मारून दाखवलं. त्या दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, शाई कमी पडली का हो?" मास्तर इतके हसले की ठसका लागला. मग त्यांनी डोळे पुसले. ठसक्यानंच, असं ते म्हणतात.

मास्तरांना आणखी पुष्कळ वर्षं लाभोत. गुडघे धड राहोत, म्हणजे मांडी घालून शिकवता येईल. नजर आहे तशी राहो, आणि ओसरीवर शिकणारे कमी न पडोत.

वहिनी आत गेल्यावर मास्तर मला काय म्हणाले, ते पुस्तकवाल्यांनी तीनदा विचारलंय. नाही सांगणार.