टिकल्यांचं मतदान

सुपरवायझरची बायको त्याला रोज सकाळी माझ्या अंगणात रागवायची. गोळी घेतली का, डबल चहा कुणी दिला, त्या गार फरशीवर बसू नका. तो हसायचा, मान हलवायचा आणि गार फरशीवरच बसायचा. मी खांबाला टेकून बघत उभा असायचो आणि जळायचो. त्याला पेन्शन होती, नवी गाडी होती, स्लॅबचं घर होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्याला रागवायला घरात माणूस होतं, ते मला बघवायचं नाही.

माझी कारभारीण गेली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. सकाळचं गेलेलं माणूस दुपारी घरी येतं, तशी ती येईल असं मला अजून वाटतं. चौथी शिकलेला माणूस मी, मला याहून बरं सांगता येत नाही.

ते अंगण आणि ते शेड तिचंच म्हणायचं. आम्ही गायी विकल्या तेव्हा घरापुढचं पत्र्याचं शेड रिकामं झालं. मी म्हणत होतो, खताच्या गोण्या टाकू. तिनं ते सारवलं, पटकुरं अंथरली आणि गल्लीतल्या चार म्हाताऱ्या चहाला बोलावल्या. मग त्यांचे म्हातारे आले. मग वस्त्यांवरची माणसं यायला लागली, वरवंडच्या रस्त्याला एसटीतनं उतरून, काठी टेकत. दुपारी ती एक मोठं पातेलं चढवायची, पिठलं नाहीतर आमटी, आणि ज्याची त्यानं भाकरी आणायची. एका वारी नर्सबाई येऊन बीपी तपासायच्या. त्याला संस्था वगैरे कुणी म्हणत नव्हतं. "आप्पाच्या शेडात चाललोय," एवढंच म्हणायचे. माझ्या शेडात, पण मी तिथं फार बसत नव्हतो. आत बायका हसत असायच्या, मी डोकावलो की गप व्हायच्या. माझ्या बायकोला त्यांच्यापाशी एवढं बोलायला कुठनं सुचायचं कोण जाणे. घरात माझ्याशी बोलायचं म्हणजे मीठ संपलं आणि लाईट गेली.

ती गेल्यावर मला वाटलं आता कुणी येणार नाही. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी शेडाच्या तोंडाशी चपला. मी त्या चपलांवर जगलो, खोटं कशाला बोलू. चपला दिसल्या की मी दाढी करायचो. नाहीतर कुणासाठी करायची?

तेवढ्यात सुपरवायझर आला. हा आमच्याच गावचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. सगळी उमर कारेगावला कंपनीत काढली आणि रिटायर होऊन बायकोसकट गावी परतला. आल्या आल्या त्यानं शेडाची संस्था केली. नोंदणी, बँकेत खातं, दारावर बोर्ड. बोलायला लागला की दर वाक्यात टार्गेट. मला म्हणाला, "आप्पा, आपली संस्था वाढली पायजे. ग्रोथ न्हाई तर संस्था मरती."

मी म्हणालो, "माणसं मराया टेकलीत आन् तू संस्थेचं काय घिऊन बसलास?"

सगळे हसले. तोही हसला. त्याला राग येत नाही, हे आणखी एक.

चहाचं काम त्याच्या बायकोनं उचललं. ती आलं घालते, आमची गवती चहा घालायची. बाप्ये म्हणायला लागले, चहा झकास, चहा झकास. ज्यांनी तिच्या हातचा इतकी वर्षं ढोसला त्यांनीच. पण बायांचं मी बघून ठेवलं होतं. बऱ्याचशा बाया चहा घ्यायच्याच नाहीत. घेतला तर घोटभर, बाकीचा तुळशीच्या बाजूला ओतून द्यायच्या. मला आतून लई बरं वाटायचं. म्हटलं, बाप्ये विसरले, या विसरल्या नाहीत. माझ्या बायकोच्या चहापुढं हिचा चहा यांच्या घशाखाली उतरत नाही.

मग सुपरवायझरनं पुण्याहून एक ताई आणली. अशा संस्थांना पुढच्या तीन वर्षांचा आराखडा करून द्यायचं तिचं काम. पोरगी चांगली होती, आल्यावर वाकून सगळ्यांच्या पाया पडली, तिथंच निम्मे म्हातारे पाघळले. मुद्दा एकच होता. संस्था शेडातच ठेवायची, का हायवेला एसटी थांब्यापाशी सोसायटीचं रिकामं गोडाऊन आहे तिथं न्यायची. तिथं गेलं तर तीन गावांची माणसं येतील, पुढं एखादी गाडी घेता येईल, डॉक्टर लावता येईल. सुपरवायझरला गोडाऊन पाहिजे होतं. मला वाटायचं, त्याला रस्त्यावर मोठा बोर्ड पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा.

आणि मला काय पाहिजे होतं? सकाळी दारात चपला. दुसरं काही नाही. शेड गेलं की मी आणि पत्रे. कारेगावला माझा पोरगा आहे, कंपनीतच, तो म्हणतो इकडं या. दोन खोल्या, चौथा मजला, नवरा-बायको दोघं ड्युटीवर. तिथं मी दिवसभर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

आराखड्याच्या दिवशी शेड गच्च भरलं. ताईनं पत्र्याला मोठाले कागद चिकटवले आणि विचारलं, "आपल्या संस्थेची ताकद काय आहे?"

कोपऱ्यातनं एक म्हातारा म्हणाला, "गुडघं सोडून समदं."

"बरं, आणि आपल्याला धोका कशाचा आहे?"

"सुनांचा!"

"ए, आमच्या सुनांला नावं ठेवू नगा," म्हातारी एक ओरडली. "आदी तुमी सून म्हणून माझ्या हाताखाली नांदून बघा."

ताईपण हसून दमली. तिनं सगळं लिहून घेतलं, सुनांसकट. मग गरजा विचारल्या. बाप्यांनी सांगितलं, टीव्ही, नवे पत्ते, खुर्च्या. बायका म्हणाल्या, आमाला काय न्हाई, बरं हाय समदं. मला वाटलं, हे बरं झालं. ज्यांना गरज नाही त्या कशाला उठून रस्त्याला जातील?

शेवटी मतदान. ताईनं दोन कागद लावले, एकावर शेडाचं चित्र, दुसऱ्यावर एसटीचं. म्हणाली, प्रत्येकानं एकेक स्टिकर पाहिजे त्या चित्राखाली लावा. पिशवीत हात घातला तर स्टिकर पुण्यालाच राहिलेले. सुपरवायझर लगेच बायकोकडं वळला. "अगं, तुझ्याजवळ टिकल्या असत्याल की." बायकोनं पर्समधनं पाकिटं काढली, लाल टिकल्यांची. ताई खूश. "वा, हे तर स्टिकरपेक्षा छान!"

पाकीट फिरलं. बाप्ये उठले, सवाष्णी उठल्या. शेडापाशी पार आहे, पाराशी पत्ते आहेत, बाप्यांनी भराभर शेडाच्या चित्राखाली टिकल्या लावल्या. मी पण लावली. मागं भिंतीकडेला बसलेल्या बायांपाशी पाकीट गेलं आणि तसंच पुढं सरकलं. पदरातला हात कुणी बाहेर काढला नाही. ताई म्हणाली, "ज्यांना मत द्यायचं नसेल त्यांनी नाही दिलं तरी चालेल हं, जबरदस्ती नाही."

मोजलं. शेड जिंकलं.

मला उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. सुपरवायझरचं तोंड उतरलं. पण उतरतंय तोवर त्याची बायको त्याच्या शेजारी जाऊन बसली, पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या हो. मनाला लावून घिऊ नगा, बीपी वाढंल." जिंकलो मी आणि समजूत त्याची निघाली. माझ्या पाठीवर पंखा होता, सोसायटीनं दिलेला, तोही खडखड वाजणारा.

मी उठून बाहेर आलो. धुण्याच्या दगडापाशी आक्का कप विसळत होती. आक्का म्हणजे आमच्या कारभारणीची जिवाची मैत्रीण, वस्तीवरून येते. माझ्याहून मोठी. मला अरेतुरे करणारं आता तेवढं एकच माणूस राहिलं आहे.

"झालं का मनासारखं?" आक्का म्हणाली.

"झालं की. तू दिलंस का मत?"

"टिकलीला हात लावू व्हय मी? चारचौघांत? मालक जाऊन वीस वर्सं झाली. एकीनं तरी लावला का आमच्यातल्या?"

मलाही जोडीदार राहिला नाही. मी ती टिकली बोटावर घेतली, चिकटवली आणि जागेवर येऊन बसलो. मला कुणी अडवलं नाही, मला स्वतःला काही वाटलं नाही.

"असू दे," मी म्हणालो. "तुमी काय, हितंच म्हणणार हुता. तिची जागा हाय ही."

"न्हाई. आमी रस्त्याला म्हणणार हुतो."

मला कुणी कानाखाली मारल्यासारखं झालं. "का? त्या आल्याच्या चहासाठी?"

"चा कोण पितंय? आप्पा, तुला डोळं हायती का न्हाई? बाईमाणसानं लघवीला कुठं जायचं हितं?"

मी विसळलेला एक कप उचलून दगडावर पालथा घातला.

"ती हुती तवा आमाला घरातनं मागच्या मोरीत न्ह्यायची. दारात उभी ऱ्हायची, कुणाला यिऊ द्यायची न्हाई. तितंच आमचं हसणं चालायचं. आता एकट्या बाप्याच्या घरात आमी आत-बाहेर करायचं? गाव काय म्हनंल? मग काय करतो, सकाळपासनं पाणी पित न्हाई. चा ओतून देतो."

"मग मघाशी गरज इचारली तवा का न्हाई बोललीस?"

"एवढ्या बाप्यांम्होरं? तू बोलला असतास?"

"मी बांधून देतो की संडास. हितंच. उद्या गवंडी बोलावतो."

"बांध. आन् एसटीतनं उतरून हितवर चालायचं कुणी? संडासाला चाकं लावून थांब्यावर पाठवतोस का आमाला आणायला?"

मी विचारलं, "सुपरवायझरच्या बायकोला हे म्हाईत हाय?"

"तिला न सांगता कळलं. तवापासनं ती जाता-येता आमाला तिच्या घरात न्हेती. पर ते पडतंय दुसऱ्या टोकाला. तिनंच नवऱ्याच्या मागं टुमणं लावलंय, रस्त्याला चला म्हणून. तितं संडास हाय, नळ हाय."

म्हणजे बोर्ड वगैरे काही नव्हतं. बायकोनं सांगितलं आणि नवऱ्यानं ऐकलं. त्यांच्या घरात हे बोलणं होतं. ती सांगते आणि तो ऐकतो, आणि माझ्या अंगणात वर्षभर काय चाललं ते माझ्याआधी त्याला माहीत होतं. मला त्या घडीला त्या माणसाचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. आक्का कप विसळत राहिली. ती काही मागत नव्हती. मी गप बसलो असतो तर शेड माझं होतं.

पण सकाळपासून कोरड्या तोंडानं माझ्या दारात बसणाऱ्या बाया आता मला दिसायला लागल्या होत्या. त्या न दिसायला मी काय करणार होतो?

मी आत गेलो. ताई कागदाची गुंडाळी करत होती. मी म्हणालो, "हे मतदान रद्द करा."

सुपरवायझर उठला. "आप्पा, तुमी जिंकलाय की."

"निम्म्या बाया बसूनच ऱ्हायल्या."

ताई म्हणाली, "पण आप्पा, त्यांना मत द्यायचं नव्हतं ना?"

"मत द्यायचं हुतं. लाल टिकलीला हात लावायचा नव्हता."

ताईचं तोंड एवढंसं झालं. सुपरवायझरच्या बायकोनं तोंडावर हात घेतला. "अगं बाई! माझ्या ध्यानातच आलं न्हाई." सगळं कळणाऱ्या बाईला हे तेवढं कळलं नाही, याचंही मला बरं वाटलं. असा आहे मी.

मी घरातनं हुलग्याचा डबा आणला आणि दोन पातेली. ती चुलीमागं पडद्याआड ठेवली, एकाखाली शेडाचं चित्र, एकाखाली एसटीचं. एकेकानं आत जायचं, एक दाणा टाकायचा, बाहेर यायचं. संडासाचं मी काही बोललो नाही, ते आक्काचं होतं, माझं नव्हतं. बाया एकामागं एक उठल्या. पातेल्यात दाणा पडला की टण् आवाज येतो. कुठल्या पातेल्यात पडला ते आवाजावरनं कळत नाही, पण मी प्रत्येक टण् ऐकत होतो.

सगळ्यांचं झाल्यावर ताईनं पडदा बाजूला केला. मोजायची गरजच नव्हती. एसटीच्या पातेल्यात बूड दिसत नव्हतं. काही बाप्यांनीही फिरवलं होतं, बायकांनी डोळे वटारले असतील.

"आप्पा, तुमचं राहिलं," ताई म्हणाली. मी दाणे वाटत होतो, माझा माझ्याच मुठीत होता.

सुपरवायझर जवळ आला. खरंच चांगल्या मनानं म्हणाला, "आप्पा, आता दिसतंयच की. तुमीपण रस्त्याच्यात टाका. म्हंजी आराखड्यात लिहिता यील, एकमतानं ठरलं म्हणून."

"एकमत तुझ्या घरी," मी म्हणालो, आणि माझा दाणा शेडाच्या पातेल्यात टाकला.