वहिनींची जोडवी

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. गृहशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते, त्याच साली वहिनींना दिवस गेले.

सातव्या महिन्यापासून आईनं त्यांचं रात्रीचं जेवण बंद केलं. तिची थोरली बहीण बाळंतपणात मूल अडून गेली होती. मूल लहान राहिलं की सुटका सोपी, असं तिला वाटे. मी वर्गात शिकलेलं सांगायला गेले तर म्हणाली, "तुझ्या पुस्तकानं किती बाळंतपणं केली?"

शेवटी वडिलांनी, अण्णांनी, समजावलं, तेव्हा वहिनींना रात्री भाकरी, पालेभाजी आणि नाचणीची आंबील मिळू लागली. आईची अट एकच: वजनाचा आकडा घराबाहेर बोलायचा नाही, दृष्ट लागते.

दर शनिवारी मी वहिनींना चिकपेठेतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात नेई. तिथल्या कानडी सिस्टर वजन करून मला लिहून घ्यायला सांगत. आठवड्याला पौंडभर वाढ व्हायची. एका शनिवारी सिस्टर बाळंतपणात अडकल्या होत्या, म्हणून मीच वजन केलं. पाच पौंड वाढले होते! घरी येऊन मी आईला अभिमानानं सांगितलं.

आई वहिनींच्या पायांकडे बघत होती. "जोडवी रुतलीत गं."

"अंग भरतंय, आई," मी हसले.

"आठवड्यात? माझ्या पाच बाळंतपणांत नाही भरलं असं."

"अत्ते, सकाळपासून डोकंही दुखतंय," वहिनी हळूच आपल्या सासूला म्हणाल्या.

आईनं चपला घातल्या. आम्ही तिघी परत गेलो.

सिस्टरनी वहिनींच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला. रक्तदाब बघितला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं. वहिनींना तिथंच ठेवून घेतलं.

"मी म्हणत नव्हते, जास्त खाऊ घातलं?" आई माझ्याकडे वळली.

"नाही अक्का," सिस्टर म्हणाल्या, "हे खाण्यानं नव्हे. अंगात पाणी धरलंय. जेवण तोडू नका."

मी कोपऱ्यात रडत होते. सिस्टरनी पेला पुढे केला. "स्वल्प पाणी पी. तू दर आठवड्याला आणलंस, म्हणून आधीचं वजन तरी माझ्याकडे आहे. यापुढे काट्याबरोबर पायही बघत जा." रागावल्या असत्या तर मला चाललं असतं. पुढे कितीतरी गरोदर बायकांची वजनं मी केली, पण आधी पाय बघून. ते ऋण त्यांचं, आणि आईचंही.

तीन आठवड्यांनी वहिनींना मुलगी झाली. चणीनं लहान, आवाजानं मोठी. वहिनी थकल्या होत्या, पण धडधाकट होत्या. आईनं नातीच्या गालाला काजळाची तीट लावली आणि तिला स्वतःच काट्यावर ठेवलं.

"किती भरली? मोठ्यानं वाच," ती मला म्हणाली. "सगळ्यांना ऐकू दे."