चहा न सांगता खेळलेला डाव

स्वतःच्या चुकांकडे न डगमगता पाहण्याचं धैर्य ज्याच्यात असतं तोच माणूस आयुष्यात काही शिकतो, असं मी मानत आलो आहे. हे धैर्य माझ्यात भरपूर होतं. आठ वर्षं मी बुद्धिबळातल्या माझ्या चुका दर रविवारी एका जाड वहीत उतरवल्या आणि लाल शाईने अधोरेखित केल्या. त्यातून माझं अक्षर सुधारलं.

मी तेव्हा गोव्यात तुयेला एका कारखान्याच्या कचेरीत नोकरीला होतो आणि राहायला धारगळला. खेळायचो ते हमरस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याशी. माणूस सावंतवाडीच्या बाजूचा. खनिजाचे ट्रक दुरुस्त करता करता इकडेच राहिलेला. मी त्याला मेस्त्री म्हणायचो आणि तो मला सायबानू. कचेरीत मला कोणीही साहेब म्हणत नसे, तेव्हा या हाकेचाही रविवारच्या ओढीत थोडा वाटा असावा. दुपारी तो रॉकेलने हात धुऊन यायचा, जुन्या टायरवर फळी टाकून पट मांडायचा आणि मला हरवायचा. त्याने बुद्धिबळाचं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं. माझ्याकडे सात होती.

"मेस्त्री, हा उंट मी इथे आणला नसता तर?"

"मगे थंय घोडो मेलो असतो, सायबानू."

घरी आलो की मी डाव आठवून लिहायचो. हरलेला डाव मला पहिल्या प्याद्यापासून शेवटच्या शहापर्यंत पाठ असे. कारकुनी सवयीने समासात इतर नोंदीही व्हायच्या: ट्रक आला, पाऊस सुरू, चहा सांगितला.

एका वर्षी शिगमा, म्हणजे इकडचा होळीचा उत्सव, जवळ आला असताना मेस्त्रीने सोंगट्या मांडता मांडता सांगितलं, "ह्यो शिगमो झालो की मी गावाक चल्लंय. थंयच गॅरेज घालतलंय."

"परत कधी येणार?"

"परत कित्याक? तुमका हरवूक?"

उरलेले रविवार त्याचे राहिलेल्या दुरुस्त्यांत जाणार होते. म्हणजे त्याला एकदा तरी हरवायला माझ्या हातात एकच संधी होती, देवळाच्या मंडपात उत्सवाच्या शेवटच्या दिवशी होणारी स्पर्धा. मी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. सुरुवात कच्ची आहे, शेवट ढिला आहे, असं काही पुस्तकी सापडेल अशी अपेक्षा होती. सापडला तो चहा. डावामागून डावात माझी बाजू वरचढ होत होती, चार-पाच चालींनी मी हरत होतो आणि या दोन्हींच्या मध्ये, समासात, "चहा सांगितला" असं होतं. डाव हातात आला की मला उदार वाटायचं. मी समोरच्या चहाच्या गाड्याकडे बघून दोन बोटं वर करायचो. मग चहा येण्याआधी डाव आटपायच्या घाईत मी काहीतरी गमावत असणार, असा मी निष्कर्ष काढला. सात पुस्तकांपैकी एकातही हा मुद्दा नव्हता.

स्पर्धा तालुका पातळीची होती, म्हणजे आम्ही अकराजण होतो. मी आणि मेस्त्री अंतिम फेरीत पोचलो आणि तो डाव पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यात आला. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. त्यांनी समई पेटवली, बुद्धिबळामुळे तरुण पिढी व्यसनांपासून दूर राहते असं सांगितलं (मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, मेस्त्री तंबाखू चघळत होता) आणि पहिली चाल करायला ते आमच्या पटाशी आले. माझं, म्हणजे पांढरं, कोपऱ्यातलं हत्तीपुढचं प्यादं त्यांनी दोन घरं सरकवलं. फोटो नीट आला नाही म्हणून पलीकडच्या कोपऱ्यातलंही सरकवलं. टाळ्या झाल्या. मी प्यादी मागे घ्यायला हात पुढे केला, तर आयोजक कानाशी येऊन म्हणाले, "रावूं दी रे. पावण्यांनी केल्ली चाल फाटीं घेवपाची न्हय."

मेस्त्री म्हणाला, "आसांदे. पावण्यांका एक चाल फुकट."

खेळ सुरू झाला. पाऊण तासाने त्याचा वजीर माझ्या घोड्याच्या आणि उंटाच्या कचाट्यात आला. माझी दोन बोटं आपोआप वर निघाली. मंडपाच्या दाराशीच चहावाला उभा होता. मी हात मांडीखाली दाबून बसलो. मेस्त्री निवांत होता. एकदा तर तो चाल करून बाहेर ढोल वाजवणाऱ्यांकडे बघत बसला. तो परत पटाकडे वळला तेव्हा त्याच्या राजाला जायला जागा नव्हती.

"मात?" त्याने विचारलं.

"मात."

त्याने आपला राजा पटावर आडवा केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण तुमी आज च्या खंय सांगितलास?"

"त्याचं काय?"

"तुमी च्या सांगितलास की माका कळता, आपला कायतरी बिघाडला. मगे मी नीट बघूक लागतंय."

आठ वर्षं मी त्याला धोक्याची सूचना देत होतो आणि वर चहा पाजत होतो. घाईबिईचा काही संबंध नव्हता. वहीवरून मी औषध बरोबर काढलं होतं, रोग भलताच ठरवला होता. ते ऐकून मीच आधी हसलो, मग तोही, आणि मी मंडपात सगळ्यांना चहा सांगितला.

घरी येऊन वही उघडली. पाहुण्यांच्या दोन चाली लिहिल्या, माझ्या लिहिल्या, आणि मध्येच हात थांबला. पुढचं काही केल्या आठवेना. सकाळी उठून गॅरेजवर गेलो. मेस्त्री टेम्पोत जॅक चढवत होता.

"मेस्त्री, तुमचा घोडा मारल्यावर मी काय खेळलो?"

"माका काय इचारतास, सायबानू? मी जिंकलेले तेवढेच ध्यानात ठेयतंय."

टेम्पो सावंतवाडीच्या दिशेने गेला. वही अजून आहे. हरलेले सगळे डाव तिच्यात शेवटच्या चालीपर्यंत आहेत. जिंकलेला डाव चौदाव्या चालीपर्यंत आहे.